ऊन, पाणी आणि काँक्रीट

इ. स. ९७ मध्ये रोम शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था सेक्स्टस ज्युलियस फ्रंटायनस या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. पूर्वी ब्रिटनचा सुभेदार म्हणून नाव मिळविलेला हा गृहस्थ मोठा सावध होता. आपणांस स्वतः काही ठाऊक नसावे आणि हाताखालच्या माणसांच्या सल्ल्याने कारभार हाकावा, ही त्यास लाजिरवाणी गोष्ट वाटे. म्हणून अधिकारावर येताच त्याने रोमच्या कालव्यांविषयी एक लहानसा ग्रंथ, प्रथम स्वतःच्याच उपयोगासाठी, लिहून काढला. कालव्यांची दुरुस्ती केव्हा करावी याचा विचार त्यात एके ठिकाणी आला आहे. बांधकामास योग्य काळ एप्रिलच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंतचा, असे तो सांगतो. परंतु लगेच पुस्ती जोडतो की, त्यांतही उन्हाळ्याचा जो भाग अतिशय तापतो तेवढा टाळणे उत्तम. बांधकामाने ओलावा नीट शोषून घेऊन एकजीव व्हावे यासाठी हवा समशीतोष्ण असावी लागते, आणि हिमाने जितका अपाय होतो तितकाच कडक उन्हानेही होतो, असा त्याचा अभिप्राय आहे.

इतिहासाचे अध्यापन करीत असताना हा ग्रंथ आम्ही पूर्वी एकदोन वेळा चाळला होता. कालव्यांची लांबी, पाण्याची चोरी, नळांची मापे, असे जे त्यात रसाळ आहे ते आम्ही विद्यार्थ्यांस सांगतही असू. उन्हाविषयीच्या त्या चार ओळींवरून मात्र आमची दृष्टी नुसती घसरून गेली होती. पुढे आम्ही सोलापुरास स्वतःचे लहानसे घर बांधावयास काढले, आणि ते बांधून झाल्यावर तोच ग्रंथ पुन्हा हाती आला, तेव्हा त्या चार ओळींपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. थांबण्याचे कारण सांगितले पाहिजे, कारण या लेखाचा उगम त्यातच आहे.

महाविद्यालयास मोठी सुटी असते ती मे महिन्यात. देखरेख करावयास सवड सापडावी म्हणून स्लॅब टाकण्याचा दिवस आम्ही मुद्दाम त्याच महिन्यात धरला. सोलापूरचा वैशाख कसा असतो हे तिकडच्या वाचकांस सांगावयास नको. खडीचा ढीग आदले तीन दिवस उघड्या उन्हात पडून होता, सळयांना हात लावता येत नव्हता, आणि निमंत्रित मंडळी येऊन नारळ फुटेपर्यंत साडेनऊ वाजले होते. अकराच्या सुमारास मिक्सरमधून येणारा माल घमेल्यातून वर जाईपर्यंतच घट्ट होऊ लागला. बायका घमेली चढवीत होत्या, वर दोघे फावड्याने ओढीत होते, आणि माल सळयांच्या जाळीत शिरत नव्हता. म्हातारा गवंडी खाली येऊन आम्हांस म्हणाला, “सर, माल फावड्याला येत नाही बघा. बादलीभर पाणी जास्त जाऊ द्या, न्हाईतर कोपऱ्यात शिरायचा न्हाई.” ठेकेदार आमच्या तोंडाकडे पाहू लागला. आम्ही म्हणालो, “घाला, पण काम थांबू देऊ नका.” त्यानंतर प्रत्येक घाण्यास बादलीभर पाणी अधिक पडत गेले. सायंकाळी काम पुरे झाले आणि सर्वांनी पेढे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी स्लॅबवर वाळलेल्या तळ्याच्या तळासारखी बारीक भेगांची जाळी उमटली, आणि जुलैत माजघराच्या छतावर ओल दिसू लागली. ठेकेदारास दोष द्यावा तर हुकूम आमचा होता. गवंड्यास द्यावा तर त्याने विचारूनच पाणी घातले होते. आणखी एक गोष्ट आम्हांस मागाहून आठवली. त्या दिवशी मजुरांच्या पिण्याचा माठ दुपारी बाराच्या आतच रिकामा झाला होता, आणि टँकरचे पाणी मिक्सरला पुरले पाहिजे म्हणून तो भरावयाचे कोणी मनावर घेतले नव्हते. घरातून ताकाचा एक हंडा आला तेवढाच काय तो आधार. काँक्रीटला नको इतके पाणी मिळाले आणि माणसांना हवे तेवढे मिळाले नाही, असा तो दिवस होता.

हा अनुभव आमच्या एकट्याचा असता तर तो मासिकात मांडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु उन्हाने माल घट्ट व्हावा आणि माणसाने त्यात पाणी ओतावे, हा प्रसंग गेली शंभर-सव्वाशे वर्षे जगभर घडत आला आहे, आणि त्यावर मनुष्याने शोधलेल्या उपायांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काँक्रीट चिखलासारखे वाळून कठीण होते असे आपणांपैकी बहुतेकांस वाटते. वस्तुतः ते वाळत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन त्यातून नवा, दगडासारखा पदार्थ निर्माण होतो. हा संयोग होताना उष्णता बाहेर पडते, आणि बाहेरची उष्णता जितकी अधिक तितका तो जलद होतो. म्हणजे उन्हाळ्यात एकाच वेळी दोन संकटे येतात. वरून ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात, आणि आतून सिमेंट पाणी घाईने गिळू लागते. थंडीच्या दिवसांत जो माल दोन तास मऊ राहतो तो वैशाखात तासाभरातही हातचा जातो. ओतावयास, पसरावयास आणि कोपऱ्यांत ठासावयास योग्य असा जो मालाचा मऊपणा, त्याचे आयुष्य मुळात थोडे, आणि ऊन ते आणखी तोडते.

आपल्या पूर्वजांस हे संकट या स्वरूपात ठाऊक नव्हते, कारण ते चुन्यात काम करीत. कित्येक गडांवर चुन्याची घाणी अजून पाहावयास मिळते. दगडी बांधणीच्या वर्तुळाकार चरात बैलांनी जड चाक फिरवावे आणि चुना, वाळू व विटांची सुरखी तासन्‌तास मळली जावी, अशी ती रचना. चुन्याचा स्वभाव संथ. तो सावकाश धरतो, आणि घट्ट वाटला तर पुन्हा मळताही येतो. त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर घालण्याचीही चाल होती. ऊन चुन्यासही बाधते, म्हणूनच फ्रंटायनसने तो इशारा दिला. आणि त्याच्या आधीच्या शतकातील वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानेही कच्च्या विटा भर उन्हाळ्यात पाडू नयेत, वरचा भाग लवकर वाळून आतला ओला राहतो व मागाहून वीट तडकते, असे बजावून ठेवले आहे. परंतु चुना माणसास विचार करावयास वेळ देई. चूक झाली तर ती दुरुस्त करावयास दुपार हाताशी असे.

१८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने ‘पोर्टलंड’ सिमेंटचे पेटंट घेतले, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात भट्ट्या सुधारत गेल्या तसतसे हे नवे द्रव्य अधिकाधिक बलवान आणि अधिकाधिक उतावीळ होत गेले. भट्टीतून निघालेले खडे नुसतेच दळले आणि त्यात पाणी घातले, तर ती पूड काही मिनिटांतच आवळून बसते. म्हणून दळताना थोडे जिप्सम मिसळून त्याची घाई आवरावी लागते. आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ मध्ये सिमेंटचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि पुढल्या एकदोन पिढ्यांत घाणी थांबून तिच्या जागी गोणी आली. कारागिरी मात्र एका पिढीत बदलत नाही. ‘घट्ट झाले तर पाणी शिंपडून पुन्हा मळावे’ हे चुन्याच्या काळातील शहाणपण गवंड्याच्या हातात तसेच राहिले, आणि सिमेंटच्या काळात तेच घातक ठरले.

ते घातक का, याचा निर्णय प्रयोगांनी लागावयास विसावे शतक उजाडावे लागले. त्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लोखंडी सळयांच्या काँक्रीटची मोठमोठी घरे उठू लागली. सळयांच्या दाट जाळीत माल शिरला पाहिजे. शिवाय उंच मनोरा उभारून त्यावरून लांब पन्हळींनी माल खाली सोडण्याची युक्ती निघाली होती. पन्हळीतून माल वाहावयाचा तर तो पातळ हवा. साहजिकच पाण्याचा हात सैल सुटला. काम भराभर होई, आणि त्याचा परिणाम पुढे भिंतींवर दिसे.

शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रॅम्स या संशोधकाने असंख्य नमुने घडवून, ठरावीक दिवस ठेवून आणि यंत्राखाली फोडून जो निष्कर्ष १९१८ मध्ये प्रसिद्ध केला तो आज प्रत्येक अभियंत्यास पाठ असतो. माल कामाजोगा असेल तोवर काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते, आणि पाणी वाढले की बळ घटते, एवढाच तो नियम. त्यामागचे कारणही समजावयास सोपे आहे. सिमेंटच्या रासायनिक संयोगास त्याच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके पाणी लागते. परंतु तेवढ्यावर माल हलतच नाही, म्हणून आपण अधिक घालतो. हे अधिकाचे पाणी कामापुरते आलेले पाहुणे. ते पुढे निघून जाते, पण आपली जागा रिकामी ठेवून जाते, आणि अशा असंख्य सूक्ष्म पोकळ्यांनी दगडाचा पोकळ भोपळा होतो. बादलीभर पाणी ओतणे म्हणजे तितक्या प्रमाणात गोणीतील सिमेंट काढून टाकणेच होय. फरक इतकाच की, सिमेंट काढताना कोणी पाहिले तर त्यास चोरी म्हणतील, आणि पाणी ओतताना पाहिले तर कोणी काहीच म्हणणार नाही.

याच सुमारास मालाचा मऊपणा मोजण्याची एक साधी कसोटीही रूढ झाली. बारा इंच उंच, तळाशी आठ आणि तोंडाशी चार इंच रुंद असे शंकूसारखे बिनबुडाचे भांडे घ्यावयाचे, त्यात तीन थरांत माल भरून प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा ठासावयाचा, मग भांडे हलकेच वर उचलून ढीग किती खचतो ते मोजावयाचे. इतक्या क्षुद्र उपकरणाने जगातील प्रचंड इमारतींची परीक्षा अजून होते. परंतु कसोटी एक मिनिटाची असते, आणि ऊन दिवसभर असते. मिक्सरपाशी चार इंच खचणारा माल वर पोहोचेपर्यंत दोन इंचांवर आलेला असतो, आणि गवंड्याचा हात बादलीकडे जातो तो तेव्हाच.

पाणी घालावयाचे नाही आणि माल तर मऊ राहिला पाहिजे, मग करावे काय? या प्रश्नास मोठ्या प्रमाणावर उत्तर शोधण्याची वेळ अमेरिकेच्या वाळवंटात आली. कोलोरॅडो नदीवरील ब्लॅक कॅनियन या खोल दरीत १९३१ मध्ये जे धरण सुरू झाले, आणि जे आज हूव्हर धरण म्हणून प्रसिद्ध आहे, त्याची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

आरंभ माणसांपासून झाला, आणि तो दुःखद होता. तो मंदीचा काळ होता. कामाच्या आशेने हजारो कुटुंबे त्या ओसाड प्रदेशात येऊन तंबूंत आणि खोक्यांच्या झोपड्यांत राहिली होती. मजुरांसाठी वसवावयाचे गाव अजून तयार झाले नव्हते. बोगद्यांचे काम मात्र सुरू झाले होते. त्या उन्हाळ्यात पारा दिवसामागून दिवस ४५ अंश सेल्सियसच्या वर राहिला, आणि जून-जुलैच्या एका महिन्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. ऑगस्टमध्ये मजुरीतील कपातीचे निमित्त होऊन संप झाला, तेव्हा मजुरांच्या मागण्यांत पिण्यास थंड पाणी मिळावे अशीही एक मागणी होती. संप मोडला, पण पुढे गाव उभे राहिले, निजावयास हवेशीर कोठ्या झाल्या, पाण्याची व्यवस्था सुधारली. १९३२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील श्रमाचा व थकव्याचा अभ्यास करणारे संशोधक तेथे येऊन राहिले आणि त्यांनी घामावाटे जाणाऱ्या मिठाकडे लक्ष वेधले. पाणी भरपूर प्यावे आणि जेवणात मीठ अधिक घ्यावे, असे फलक मग भोजनगृहात लागले.

काँक्रीटची पाळी आली ती ६ जून १९३३ रोजी, जेव्हा धरणाच्या पायात पहिली बादली उपडी करण्यात आली. ही बादली आमच्या सोलापुरी बादलीसारखी नव्हती. आठ घनयार्ड माल तिच्यात राही, आणि दरीवर ताणलेल्या पोलादी दोरांवरून ती नेमक्या जागी उतरविली जाई. माल तयार होण्यापासून तो जागेवर पडेपर्यंतचा काळ जितका तोडता येईल तितका तोडावयाचा, हे या खटाटोपाचे मर्म होते. वेळ कमी लागला की माल घट्टही चालतो आणि अधिक पाणी मागत नाही.

परंतु त्याहून मोठा प्रश्न आतल्या उष्णतेचा होता. सुमारे २५ लाख घनमीटर काँक्रीट एकसंध ओतले असते तर सिमेंटच्या संयोगातून निघणारी उष्णता त्या अजस्र राशीच्या पोटात कोंडून राहिली असती, आणि ती आपोआप निवावयास सव्वाशे वर्षे लागतील असा तज्ज्ञांचा अंदाज होता. निवताना काँक्रीट आकसते, आणि आकसताना तडकते. म्हणून धरण लहानमोठ्या स्तंभांच्या रूपाने, एका वेळी पाच फुटांचा थर टाकीत, चढविण्यात आले. प्रत्येक थरात एक इंच व्यासाच्या पोलादी नळ्या पुरण्यात आल्या, ज्यांची एकूण लांबी सुमारे ५८२ मैल भरली. या नळ्यांतून आधी नदीचे आणि मग शीतयंत्राने गार केलेले पाणी खेळविले. ते शीतगृह दिवसाला हजार टन बर्फ करण्याच्या ताकदीचे होते. काँक्रीट निवल्यावर नळ्या आणि स्तंभांमधील फटी सिमेंटच्या रसाने भरून टाकण्यात आल्या. ओरेगॉन प्रांतातील ओवायही धरणावर या युक्तीची आधी परीक्षा घेतली होती. मे १९३५ अखेर धरणाचे काँक्रीट पुरे झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या दरीतही काँक्रीटला पाणी दिले गेले, आणि तेही थोडेथोडके नव्हे. पण ते त्याच्या पोटात मिसळले नाही. ते त्याच्या अंगातून खेळवून उष्णता घेऊन बाहेर काढले. उन्हावर पाणी हा उपाय आहेच. ते कोठे घालावे एवढाच प्रश्न आहे.

याच विचाराची पुढली पायरी आर्कान्सा प्रांतातील नॉर्फोर्क धरणावर १९४१ ते १९४५ या काळात गाठली गेली. काँक्रीट तापल्यावर निववण्यापेक्षा ते मुळातच थंड का घडवू नये? तेथे मालात घालावयाच्या पाण्याचा काही भाग बर्फाच्या चुऱ्याच्या रूपाने घालण्यात आला. बर्फच का, याचे उत्तर शाळेतील पदार्थविज्ञानात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो, आणि तीही स्वतः शून्य अंशावर राहून. म्हणजे पाणी ठरल्याहून एक थेंबही न वाढविता माल थंड होतो, आणि थंड झाला म्हणजे अधिक वेळ मऊ राहतो. मिक्सर थांबण्यापूर्वी सर्व बर्फ विरघळला पाहिजे एवढेच पथ्य.

आपल्याकडील कोयनेच्या धरणात दुसराच मार्ग दिसतो. १९६४ मध्ये पुऱ्या झालेल्या १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीत काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसविलेले आहेत. या पद्धतीचा एक गुण असा की, जेवढी जागा दगड व्यापतो तेवढे सिमेंट वाचते, आणि सिमेंटबरोबर त्याची उष्णताही वाचते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाने येथे काही अंशी बर्फाचेच काम केले म्हणावयास हरकत नाही.

रसायनशास्त्रानेही या कामी हात दिला. पूर्वजांनी चुन्यात जो गूळ घातला त्याचा भाऊबंद जी साखर, ती सिमेंटची घाई आवरते असे आढळून आले. सिमेंटच्या वजनाच्या हजारात अर्धा भाग साखर पडली तरी आवळणे काही तास लांबते, आणि शंभरात एक भाग पडली तर बहुधा ते होतच नाही. (वाचकांनी घरच्या स्लॅबवर हा प्रयोग करू नये हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.) १९३० नंतरच्या काळात लाकडापासून कागदाचा लगदा करताना उरणाऱ्या द्रव्यांचा उपयोग या कामी होऊ लागला, आणि १९६० च्या दशकात जपान व जर्मनी या देशांत अशी द्रव्ये निघाली की, ज्यांच्या योगाने सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटे राहून थोड्या पाण्यातही माल वाहता होतो. गवंड्याला जे बादलीत हवे होते ते प्रयोगशाळेने कुपीत दिले.

या सर्व उपायांचा मेळ दुबईच्या बुर्ज खलिफा या इमारतीत पाहावयास मिळतो. जानेवारी २०१० मध्ये उघडलेल्या त्या इमारतीसाठी काँक्रीट पंपाने ६०६ मीटर उंचीपर्यंत चढविण्यात आले. उन्हाळ्यात माल बर्फ घालून तयार करीत आणि तो रात्री ओतीत. म्हणजे इतकी यंत्रे, इतकी रसायने हाती असूनही शेवटी माणसाने जे केले ते फ्रंटायनसने सांगितले तेच: कडक ऊन टाळले. त्याने महिना टाळावयास सांगितले होते, यांनी प्रहर टाळला. आणि त्याच देशात २००० नंतरच्या दशकापासून भर उन्हाळ्याच्या दुपारी उघड्यावर मजुरांकडून काम घेण्यास कायद्याने मनाई झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, धरणे आणि गगनचुंबी मनोरे यांच्या गोष्टी ठीक आहेत. सोलापूरच्या प्राध्यापकाने शीतगृह कोठून आणावे? हा आक्षेप आम्ही स्वतःलाच घेऊन पाहिला. परंतु या इतिहासातील खर्चाचा भाग बाजूस ठेवला तर जे उरते ते कोणाच्याही आवाक्यातले आहे. काँक्रीटच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश वाटा खडी आणि वाळूचा असतो. तो ढीग सावलीत ठेवला आणि खडीवर आदल्या रात्री पाणी शिंपडले तर माल पुष्कळ थंड होतो, मात्र खडीच्या अंगावर राहिलेले पाणी मोजमापात धरले पाहिजे. पाण्याचा पिंप उन्हात ठेवू नये. फळ्या व सळया माल पडण्यापूर्वी ओल्या कराव्यात, पण त्यावर पाणी साचू देऊ नये. मिक्सर जवळ असावा, माणसे पुरेशी असावीत, म्हणजे माल वाटेत खोळंबत नाही. काम पहाटे सुरू करावे किंवा सायंकाळी. आणि पृष्ठभाग आवळला की लगेच ओले गोणपाट पसरून पुढे आठवडा-दोन आठवडे पाणी मारीत राहावे. येथे मात्र हात सैल सोडावा. ४० अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की ते उष्ण हवेतील काँक्रीटकाम समजावे आणि विशेष काळजी घ्यावी, असे भारतीय मानकाने १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे. सोलापूरच्या मे महिन्यात ४० अंश हे काही अपूर्व नव्हे.

हे सारे वाचल्यावर आमच्या मनात त्या दिवसाचे चित्र निराळे दिसू लागले. पाणी मागणाऱ्या गवंड्यास आम्ही मनातल्या मनात अडाणी ठरविले होते. वस्तुतः मालाचा मऊपणा हा अभियंत्याच्या वहीत एक आकडा असतो, पण फावडे धरणाऱ्यास तो आपल्या खांद्यांत आणि कमरेत कळतो. डोक्यावर ऊन, पोटात पाणी नाही, आणि फावड्याखाली दर घाण्यास अधिक घट्ट होत जाणारा माल, अशा स्थितीत जो बादली मागतो तो काँक्रीटसाठी मागत नसतो, स्वतःसाठी मागत असतो. त्याला बादली नाकारणे हा अर्धाच उपाय. तो मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ न देणे हा पुरा उपाय. ब्लॅक कॅनियनमध्ये १९३१ च्या उन्हाळ्यात माणसांनी थंड पाणी मागितले, आणि दोन वर्षांनी काँक्रीटसाठी शीतगृह चालू झाले. या दोन गोष्टी आम्ही आता एकमेकांपासून निराळ्या काढू शकत नाही. सावली, पहाटेची वेळ, पुरेशी माणसे, भरलेला माठ, यांपैकी प्रत्येक गोष्ट मजुराच्या देहास जितकी हितकर तितकीच स्लॅबलाही हितकर आहे. मग तिचा खर्च दयेच्या खात्यावर मांडावा की बांधकामाच्या, याचा निर्णय घरमालकाने करावयाचा आहे; आमच्या मते तो बांधकामाच्याच खात्यावर मांडणे सरळपणाचे होईल.

चार वर्षांनी वरचा मजला चढविण्याचा योग आला. सुटीचा मोह याही वेळी होताच. पण आम्ही नाताळच्या चार दिवसांवर भागविले. माल सुरू झाला तो पहाटे साडेपाचला, दिव्यांच्या उजेडात. निमंत्रणे कोणास नव्हती. खडीवर रात्रीच पाणी मारून वर गोणपाट घातले होते, आणि जिन्याखाली दोन माठ भरून ठेवले होते. तोच म्हातारा गवंडी होता. नऊच्या सुमारास तो खाली आला तेव्हा आम्ही, काही मागतो की काय, या धास्तीने त्याच्याकडे पाहिले. त्याने माठातले दोन तांबे पाणी घटाघटा प्याले, तोंड पुसले, आणि काही न बोलता पुन्हा वर गेला.